गलगंड, बीजदोष आणि जनुक-परीक्षा : कुलवृत्ताचा रिकामा रकाना

गळ्यावर सूज घेऊन रुग्ण समोर बसला, की आपल्यापैकी बहुतेकांचा हात कांचनार गुग्गुळाच्या बरणीकडे जातो. त्यात गैर काही नाही. शार्ङ्गधरापासून चालत आलेला हा योग गंडमाळा, अपची, ग्रंथी, अर्बुद या विकारांत आपण सारेच वापरत आलो आहोत आणि त्याने उपशय मिळालेले रुग्ण प्रत्येकाच्या स्मरणात आहेत. आमची शंका निराळी आहे. तो हात बरणीकडे जाण्यापूर्वी रुग्णाच्या गळ्यावर किती वेळ ठेवला गेला? आणि त्याच्या आई-वडिलांविषयी, भावंडांविषयी आपण काय विचारले? आपल्या रुग्णपत्रिकेवर 'कुलवृत्त' असा रकाना छापलेला असतो. त्यात 'विशेष नाही' असे लिहून आपण मोकळे होतो. थायरॉईडच्या कर्करोगाच्या जनुक-परीक्षांविषयी सध्या आपल्या व्यवसायबंधूंत बरीच चर्चा आहे. काहींना त्यांचे फार आकर्षण, तर काहींना तितकाच तिटकारा. आमच्या मते या विषयाचा आपल्याशी असलेला संबंध त्या रिकाम्या रकान्यातून सुरू होतो.

आमच्याच हातून घडलेली एक चूक येथे नमूद करतो. ओळख पटू नये इतपत तपशील वगळले आहेत. जांभूळच्या परिसरातील चाळिशी ओलांडलेली एक गृहिणी अनेक वर्षे आमच्याकडे येत असे. दिवसातून पाच-सहा वेळा द्रवमलप्रवृत्ती, म्हणून आम्ही ग्रहणी ठरवली; कुटजघनवटी, पर्पटी, ताकाचा पथ्यप्रयोग झाला. मधूनच डोके ठणकणे, दरदरून घाम, छातीत धडधड होई. त्यास आम्ही पित्ताचा वेग समजून सूतशेखर दिला. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये खाजेचा एक काळसर चकंदळ होता, त्यासाठी करंज तेल. पुढे गळ्यावर गाठ दिसली, तेव्हा टी.एस.एच. करून घेतला. तो प्राकृत आला आणि आम्ही निश्चिंत मनाने कांचनार गुग्गुळ सुरू केला. चार तक्रारी, चार औषधे. चौदा महिन्यांनी तिचा आवाज बसला तेव्हा आम्ही सोनोग्राफी व सुईने पेशी काढून करावयाची तपासणी, म्हणजे एफ.एन.ए.सी., सांगितली. निदान झाले ते मेड्युलरी कर्करोगाचे. चारही तक्रारी एकाच व्याधीच्या होत्या.

सुश्रुताने निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड एकत्र सांगितले आहेत. गलगंडाचा कोणता रुग्ण वर्ज्य मानावा हे सांगताना श्वासकष्ट, कृशता, अरुची, वर्षाहून अधिक काळ आणि भिन्नस्वर ही लक्षणे तेथे दिली आहेत. महाविद्यालयात हा श्लोक आम्ही पाठ केला होता. स्वर भिन्न होईपर्यंत वाट पाहावी असा त्याचा अर्थ खचितच नव्हे. परंतु आमच्या हातून व्यवहारात तेच घडले. शिवाय टी.एस.एच. प्राकृत आला म्हणजे गाठ निर्दोष, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. थायरॉईडच्या बहुतेक कर्करोगांत संप्रेरकांची पातळी प्राकृतच असते. ती परीक्षा ग्रंथीच्या कार्याविषयी बोलते, गाठीच्या स्वभावाविषयी नाही.

आता जनुक-परीक्षेकडे वळू. या एका नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी येतात आणि बहुतेक गोंधळ तेथेच होतो. पहिला प्रकार गाठीतील पेशींचा. मनुष्य जन्मास आला तेव्हा हा बदल त्याच्या शरीरात नसतो. पुढे थायरॉईडच्या एखाद्या पेशीत तो उद्भवतो, तेथेच वाढतो आणि संततीकडे जात नाही. दुसरा प्रकार बीजगत. तो आई किंवा वडिलांकडून आलेला असतो, शरीरातील प्रत्येक पेशीत असतो, थोड्याशा रक्तातून ओळखता येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. पहिल्या परीक्षेने रुग्णाच्या गाठीचे स्वरूप समजते. दुसरीने त्याच्या घराण्याचे भविष्य समजते.

पहिल्या प्रकाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपले काम योग्य ठिकाणी रुग्ण पाठविण्यापुरतेच आहे. थायरॉईडच्या कर्करोगांत पॅपिलरी प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि त्यातील सुमारे निम्म्या रुग्णांत ब्रॅफ नावाच्या जनुकात व्ही ६०० ई हा ठरावीक बदल असतो. सुईच्या तपासणीत पेशी संशयास्पद दिसल्या, पण निश्चित काही सांगता आले नाही, अशा वेळी हा बदल मिळाला तर कर्करोगाचे निदान जवळजवळ पक्के होते. न मिळाल्यास मात्र कर्करोग नाही असे म्हणता येत नाही. रास गटातील जनुकांचे बदल तर निरुपद्रवी गाठींतही सापडतात. साध्यासाध्यतेच्या दृष्टीने पाहता एकट्या ब्रॅफवरून फारसे भाकीत करता येत नाही. त्याच्या जोडीला २०१३ साली प्रकाशात आलेला टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातील बदल असेल, तर व्याधी उलटण्याची व प्राणघातक ठरण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते.

याचा अर्थ प्रत्येक गलगंडाला जनुक-परीक्षा असा कोणी घेऊ नये. दक्षिण कोरियाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे १९९९ साली इतर कर्करोगांसाठी राष्ट्रीय तपासणी सुरू झाली आणि थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. परिणाम असा, की २०११ साली थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जेथे होते तेथेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या, आणि त्यांतील बहुतेकांना त्या सूक्ष्म गाठीने आयुष्यात कधी त्रास दिला नसता. लवकर निदान हे नेहमीच हितकारक असते असे मानणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये. आमच्या शहरांतील प्रयोगशाळा संपूर्ण शरीराच्या तपासणीची स्वस्त पाकिटे घरोघर विकतात. त्यात उद्या जनुकांची भर पडली तर आश्चर्य वाटणार नाही.

दुसऱ्या, म्हणजे बीजगत प्रकाराची कथा अगदी वेगळी आहे. मेड्युलरी कर्करोग थायरॉईडच्या सी-पेशींतून निघतो. या पेशी कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक बनवितात, म्हणून रक्तातील कॅल्सिटोनिन हा त्याचा खूण-पदार्थ ठरला आहे. थायरॉईडच्या एकूण कर्करोगांत हा शंभरात पाचाहून कमी. पण त्यातील सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांत रेट या जनुकातील जन्मजात बदल कारणीभूत असतो. थायरॉईडचा कर्करोग आणि अधिवृक्क ग्रंथीची गाठ यांचा संबंध सिपल यांनी १९६१ साली दाखविला. त्यामागील रेट जनुकाचा दोष १९९३ मध्ये सापडला. तेव्हापासून या व्याधीत निदानाचा क्षणच मागे सरकला. गाठ होण्यापूर्वी, लक्षण दिसण्यापूर्वी, कधी कधी रांगत्या वयात, व्याधी कोणास होणार हे सांगता येऊ लागले. कर्करोगाच्या क्षेत्रात इतक्या निश्चयाने बोलू देणाऱ्या परीक्षा मोजक्याच आहेत.

या कुटुंबांची लक्षणे आपल्या दवाखान्यांत रोज येतात, फक्त सुटीसुटी येतात. दीर्घकाळचा द्रवमल आपण ग्रहणीत घालतो. झटक्याने येणारे डोकेदुखी, घाम व हृद्द्रव, तरुण वयातील रक्तदाब, हे अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीचे असू शकतात. पाठीच्या वरच्या भागातील हट्टी खाज रेटच्या ६३४ क्रमांकाच्या स्थानातील बदलाबरोबर दिसते. पुन्हा पुन्हा होणारी अश्मरी परावटू ग्रंथीच्या विकृतीतून येते. दुसऱ्या एका उपप्रकारात मूल उंच व सडपातळ असते, ओठांवर व जिभेवर बारीक गाठी असतात आणि जन्मापासून मलावरोध असतो. त्या मुलास आपण एरंडस्नेह देत राहतो. आणि या सर्वांच्या मागे एखादी कहाणी असते : वडील साध्या शस्त्रक्रियेच्या वेळी टेबलावरच गेले, आत्याला गळ्याची गाठ होती, चुलता ऐन तिशीत झोपेत गेला.

आमच्या रुग्णेच्या घरी ही कहाणी होती. तिचे वडील अंत्रवृद्धीच्या शस्त्रक्रियेत दगावले होते आणि गावात त्याचा दोष भूल देणाऱ्यावर ठेवला गेला होता. आम्ही ते कधी विचारले नाही. तिनेही सांगण्याचे कारण नव्हते. पुढील तपासणीत तिच्या एका अधिवृक्क ग्रंथीतही गाठ निघाली. ती आधी काढून मगच गळ्याची शस्त्रक्रिया झाली, कारण त्या गाठीकडे लक्ष न देता भूल दिली तर रक्तदाब एकाएकी भडकून जीव जाऊ शकतो. वडिलांचे काय झाले असावे, याचा उलगडा कन्येच्या कागदपत्रांतून तीस वर्षांनी झाला.

व्याधीचा अंकुर दिसण्यापूर्वीच निरोगी बालकाची ग्रंथी काढून टाकणे हे आपल्या मनास रुचत नाही, हे आम्ही जाणतो. आम्हीही प्रथम असेच म्हटले होते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार ९१८ या स्थानातील बदल असल्यास पहिल्या वर्षातच, ६३४ असल्यास साधारणतः पाच वर्षांच्या आत आणि इतर सौम्य बदलांत कॅल्सिटोनिनवर लक्ष ठेवून शस्त्रक्रियेचा काळ ठरवावा असे आहे. ऐकावयास हे कठोर वाटते. पण हा कर्करोग किरणोत्सारी आयोडीन शोषून घेत नाही, त्यामुळे पॅपिलरी प्रकारात हाताशी असलेले ते साधन येथे निरुपयोगी ठरते. गळ्याबाहेर गेलेला व्याधी समूळ निघणे दुष्कर होते. २०२० पासून रेटवर नेमके काम करणारे सेल्परकॅटिनिब हे औषध उपलब्ध झाले असले, तरी ते पुढे गेलेल्या अवस्थेसाठी आहे आणि महागही आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात क्रियाकाल सांगताना जितक्या आधीच्या अवस्थेत चिकित्सा होईल तितकी ती सुकर, हे तत्त्व मांडले. चिकित्सास्थानात तर अर्बुदाचा अंश मागे राहिल्यास ते पुन्हा वाढते असा इशारा त्याने दिला आहे. तो शल्यवेत्ता होता. आपण त्याचे नाव घेऊन शस्त्रक्रियेला विरोध करणे हास्यास्पद आहे.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. बीजदोषाचा विषय निघाला की आपल्या परिषदांतून एक ठरलेले वाक्य ऐकू येते : हे सर्व आमच्या आचार्यांना ठाऊक होतेच. चरकाने शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव यांच्या दुष्टीने त्या त्या अवयवाची विकृती होते असे सांगितले. सुश्रुताने शुक्रशोणितदोषातून येणारे आदिबलप्रवृत्त व्याधी मातृज व पितृज असे विभागले. हे चिंतन थोर आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण कोणत्या घराण्यातील कोणत्या मुलास व्याधी होणार आणि कोणास नाही, हे त्या सूत्रावरून सांगता येत नाही. रक्ताच्या परीक्षेवरून येते. पूर्वजांनी योग्य प्रश्न विचारला होता, एवढ्यावर समाधान मानण्यात कमीपणा कसला?

प्रकृती आणि जनुके यांच्या संबंधावर पुण्यातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून केलेले काम, तसेच २०१५ साली हैदराबादच्या सी.सी.एम.बी. मधील संशोधकांसह प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या शास्त्रासाठी अभिमानाचा आहे. त्या अभ्यासांचा हेतू प्रकृतिभेदांना जनुकीय आधार आहे का हे पाहण्याचा होता. कफप्रकृतीच्या व्यक्तीस थायरॉईडचा कर्करोग होतो किंवा वातप्रकृतीस होत नाही, असे त्यातून कोणी काढू लागला तर ते संशोधकांवरही अन्याय करणारे आहे. प्रकृतिपरीक्षण करून कर्करोगाचा धोका सांगू नये, ही मर्यादा आपण स्वतःच घालून घेतलेली बरी.

औषधी भांडार चालविणाऱ्या बंधूंना दोन शब्द. कांचनार गुग्गुळ चिठ्ठीशिवाय मागणारे गिऱ्हाईक आपल्याकडे सतत येते. त्यास 'सोनोग्राफी केली का?' एवढे विचारण्यास काही खर्च नाही. गाठ कठीण असेल, वाढत असेल, आवाज बदलला असेल किंवा गिळताना अडत असेल, तर दुसरी डबी देण्यापूर्वी त्याला वैद्याकडे पाठवावे. दुकानाच्या फलकावर 'गलगंडावर खात्रीशीर उपाय' लिहिण्याची प्रथा अजून दिसते. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाबरोबर गलगंडाचेही नाव आहे, हे ध्यानात असू द्यावे. आणखी एक व्यावहारिक बाब. ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली आहे त्यांना थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती बंद करून आमचे औषध घ्या, असे कोणीही सांगू नये. शरीरात ते संप्रेरक बनविणारा अवयवच उरलेला नसतो. कॅल्शियम व लोह यांमुळे त्या गोळीचे शोषण घटते, म्हणून शंख, कपर्दिक, प्रवाळ, मुक्ताशुक्ती तसेच लोह व मंडूर यांची भस्मे त्या गोळीपासून निदान चार तास दूर ठेवावीत. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि तिच्यामागोमाग मधातून प्रवाळ, असा क्रम आम्ही स्वतः एका रुग्णाच्या चिठ्ठीवर पाहिला आहे.

आपल्या भागापुरते पाहिले तर सोय दूर नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सार वैद्यक केंद्र १९६३ पासून परळलाच थायरॉईडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीनची चिकित्सा देत आले आहे. आणि टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील ॲक्ट्रेक हे संशोधनाचे केंद्र असून, कर्करोगाच्या आनुवंशिकतेचे काम डॉ. राजीव सरीन यांच्या पुढाकाराने त्या संस्थेत वाढले. अंबरनाथ किंवा बदलापूरहून परळ म्हणजे लोकल गाडीचा प्रवास. पण जांभूळ किंवा वसतच्या माणसाला तो प्रवास म्हणजे एक रोज बुडणे, सोबत आणखी एकाचा रोज बुडणे, आणि गर्दीच्या रांगेत कोणता कागद कोठे दाखवायचा याची भीती. त्यामुळे वैद्याने लिहिलेली नीट चिठ्ठी ही क्षुल्लक गोष्ट नाही. गळ्याची गाठ, द्रवमल, रक्तदाबाचे वेग आणि घराण्यातील मृत्यू एका पानावर एकत्र लिहून दिले, तर तेथील तज्ज्ञांचे आठवडे वाचतात. घराण्यातील नेमका बदल एकदा कळला, की नातेवाइकांसाठी तेवढे एकच स्थान तपासावे लागते. तो खर्च पहिल्या तपासणीच्या मानाने पुष्कळ कमी असतो.

लोक आम्हांस विचारतात, की हा रोग कारखान्यांमुळे झाला का, की बारवीच्या पाण्यामुळे. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी निम्मा जिल्हा पितो, तेव्हा प्रश्न स्वाभाविक आहे. थायरॉईडच्या कर्करोगाचे निर्विवाद सिद्ध झालेले बाह्य कारण म्हणजे बालवयात गळ्याला पोचलेला किरणोत्सार. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तेथील मुलांत ते दिसले. मात्र रेटचा जन्मजात बदल असलेल्या घराण्यात पाण्याला दोष देऊन उपयोग नसतो. उलट त्या समजुतीने तपासणी लांबते.

खरी अडचण पैशाचीही नाही. आमच्या रुग्णेच्या रक्तात रेटचा बदल सापडल्यावर तिच्या तिन्ही अपत्यांची परीक्षा करण्यास आम्ही सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, कागद घरात आला की गावात जातो. थोरलीचं जमायचंय अजून." या वाक्यास कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत उत्तर नाही. आम्ही तीन वेळा तिच्या घरी गेलो. थोरली स्वतःच अखेर म्हणाली, की लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. अहवाल आमच्याकडेच ठेवावा, घरी पाठवू नये, एवढी अट तिने घातली आणि आम्ही ती पाळली आहे. ज्या वैद्यास रुग्णाच्या चुलीपर्यंत प्रवेश आहे, त्याच्या तोंडी गुप्ततेचे बंधन अधिक कडक असले पाहिजे. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शेजाऱ्यांसमोर 'तुमच्या घराण्यात' असा उच्चार करणाऱ्यांनी या कामास हात घालू नये.

थोरलीत बदल निघाला. कॅल्सिटोनिन थोडे वाढलेले होते. शस्त्रक्रिया झाली आणि ग्रंथीत कर्करोगाचा सूक्ष्म अंश मिळाला, लसीकाग्रंथी स्वच्छ होत्या. धाकट्या दोघांत बदल नाही; त्यांना आता कोणत्याही वार्षिक तपासणीची गरज नाही, त्यांच्या मुलांनाही नाही. आईचे कॅल्सिटोनिन शस्त्रक्रियेनंतरही पूर्णपणे खाली आलेले नाही. ती दर सहा महिन्यांनी परळला जाते आणि तिच्या द्रवमलासाठी आम्ही अजूनही ताकाचे पथ्य सांगतो. त्याने तिला बरे वाटते.

या शाखेच्या सभासदांपुढे आमची मागणी एवढीच आहे, की गळ्याच्या प्रत्येक गाठीच्या रुग्णपत्रिकेत तीन पिढ्यांचे कुलवृत्त लिहिले जावे आणि सोनोग्राफीचा अहवाल हाती येईपर्यंत कांचनार गुग्गुळाचा दुसरा महिना सुरू करू नये. रुग्णेचा एक भाऊ मुरबाडकडे राहतो. त्याला तरुणपणापासून रक्तदाब आहे आणि तीन मुले आहेत. आम्ही निरोप पाठविले, बहिणीनेही सांगून पाहिले. तो अद्याप आलेला नाही. तेथील कोणा वैद्यमित्राकडे तो डोकेदुखीसाठी जात असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत पोचावा.